घरच्या काचपेटीतील समुद्र : प्रवाळांसाठी क्षारमिश्रणाची निवड व तपासणी

समुद्राचे पाणी खारट असते, हे ज्याने समुद्र कधी पाहिला नाही अशा मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे गोड्या पाण्यात मीठ विरघळविले की समुद्राचे पाणी तयार होते, असा समज होणे स्वाभाविक आहे. काचेच्या पेटीत समुद्रातील मासे व प्रवाळ पाळू पाहणाऱ्या अनेकांच्या मनात आरंभी हाच विचार आलेला असतो. परंतु स्वयंपाकघरातील मिठाच्या पाण्यात प्रवाळ जगत नाही. खडे मीठ घेतले, ते थेट मिठागरातून आणले, तरी फळ तेच. जे मीठ समुद्रातूनच निघाले ते पुन्हा पाण्यात विरघळविल्यावर समुद्र का होऊ नये, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आणि क्षारमिश्रणाची निवड व तपासणी या सर्व खटाटोपाचे मर्म त्याच्या उत्तरात आहे.

मिठागरात काय घडते ते पाहावे. भरतीचे पाणी पहिल्या खाचरात घेतात, ते उन्हाने आटत जाते, आणि एका खाचरातून दुसऱ्या खाचरात सोडले जाते. पाणी आटताना त्यातील सर्व क्षार एकदम खाली बसत नाहीत. उसिग्लिओ या रसायनज्ञाने १८४९ साली भूमध्य समुद्राचे पाणी सावकाश आटवून हा क्रम नोंदविला. पाणी साधारण निम्मे झाले की कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, साक्याच्या रूपाने बसू लागते. पाचवा हिस्सा उरला की जिप्सम बसते. दहावा हिस्सा उरला म्हणजे कुठे नेहमीच्या मिठाचे स्फटिक दिसू लागतात. मीठ ओढून घेतल्यावर खाली जे कडवट, तेलकट पाणी राहते त्यात मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे क्षार असतात, आणि खाण्याच्या मिठाच्या दृष्टीने ते टाकाऊ ठरते. म्हणजे मिठागराचे सारे कौशल्य समुद्रातून एक पदार्थ वेगळा काढण्याचे आहे. चुना आधीच मागे राहिला, मॅग्नेशियम नंतर वाहून गेले. जे हाती आले ते मीठ होय, समुद्र नव्हे.

समुद्र म्हणजे अनेक क्षारांचे एक ठराविक प्रमाण होय, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाली. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाच्या ब्रिटिश जहाजाने महासागरांची शास्त्रीय पाहणी केली. त्या सफरीत निरनिराळ्या समुद्रांतून व निरनिराळ्या खोलींवरून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनज्ञाने केले व १८८४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्षारांचे एकूण मान ठिकठिकाणी निरनिराळे भरले. मात्र प्रमुख क्षारांचे परस्परांशी असलेले प्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखेच आढळले. आपल्याकडील उदाहरण द्यावयाचे तर बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात मोठ्या नद्यांचे पाणी मिसळत असल्यामुळे एक किलोग्रॅम पाण्यात ३० ग्रॅम वा त्याहूनही कमी क्षार असू शकतात, तर अरबी समुद्राच्या उत्तर भागात ते ३६ ग्रॅमच्या वर जातात. एक पाणी पातळ, दुसरे दाट. पण सोडियमला मॅग्नेशियम किती, हे गुणोत्तर दोन्हीकडे एकच. डिटमारला एक लहानसा अपवाद मात्र दिसला. खोल पाण्यात कॅल्शियमचे प्रमाण किंचित अधिक होते. या अपवादाचे कारण जिवंत प्राण्यांत आहे, व त्याकडे पुढे यावयाचे आहे.

सरासरी समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड १९.३ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम ०.४१ व पोटॅशियम ०.४० ग्रॅम. एवढ्या सहा घटकांतच शेकडा ९९ भाग संपतात. उरलेल्या शंभराव्या भागात बायकार्बोनेट, ब्रोमाइड, बोरॉन, स्ट्राँशियम इत्यादी येतात. या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहावे. पाण्याचा खारटपणा बहुतांशी पहिल्या दोहोंमुळे आहे. प्रवाळ आपला सांगाडा ज्यांपासून बांधतो ते कॅल्शियम व बायकार्बोनेट मात्र या यादीच्या तळाशी आहेत. दोन्ही मिळून ३५ ग्रॅमांत अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणून एखादे पाणी खारटपणात समुद्राशी तंतोतंत जुळत असूनही प्रवाळाच्या दृष्टीने ओसाड असू शकते. केवळ खारटपणा मोजणाऱ्या उपकरणाला हा फरक कधीच दिसत नाही.

प्रवाळाचा प्राणी मऊ असतो, पण बैठकीखाली तो चुन्याचा दगड रचीत जातो. त्यासाठी तो पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेट घेतो, आणि त्यांपासून अ‍ॅरागोनाइट या स्वरूपातील कॅल्शियम कार्बोनेट तयार करतो. समुद्राच्या पृष्ठभागाजवळचे प्राणी व वनस्पती असा चुना काढून घेतात. त्यांचे अवशेष खोल पाण्यात जाऊन काही अंशी पुन्हा विरघळतात. डिटमारला दिसलेल्या अपवादाचा उलगडा तो हा. महासागर अफाट असल्यामुळे तेथे हा फरक नगण्य ठरतो. दोनशे लिटरांच्या काचपेटीत तो दोन-चार दिवसांतच लक्षात येण्याइतका मोठा होतो.

बायकार्बोनेटाचा पुरवठा मोजण्यासाठी ‘अल्कता’ ही राशी वापरतात. आम्ल शमविण्याची पाण्याची जी शक्ती तिला अल्कता म्हणावे. ती सांगण्यासाठी मत्स्यालयांच्या व्यवहारात ‘जर्मन अंश’ हे माप रूढ झाले आहे. समुद्राची अल्कता साधारण साडेसहा ते सात जर्मन अंश असते. दोनशे लिटर पाण्याची अल्कता एका दिवसात अर्ध्या अंशाने उतरली, तर हिशेबाने सुमारे १.८ ग्रॅम चुन्याचा दगड त्या दिवशी तयार झाला असे होते, आणि त्याच वेळी कॅल्शियम दर लिटरमागे साडेतीन मिलिग्रॅमने घटते. भरभराटीच्या पेटीत याच्या दुप्पट व तिप्पट खपही असतो.

मिश्रणाचा पूर्वेतिहास

समुद्र जवळ नसलेल्या ठिकाणी समुद्र तयार करण्याचा प्रयत्न चॅलेंजरच्या सफरीहून जुना आहे. इंग्लंडमधील निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस याने १८५५ च्या सुमारास आपली कृती प्रसिद्ध केली. साडेतीन औंस नेहमीचे मीठ, पाव औंस एप्सम मीठ, २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड व ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड हे जवळजवळ साडेचार लिटर पाण्यात विरघळवावे, असे तिचे स्वरूप होते. या कृतीत चुना वेगळा घातलेला नाही. लंडनचे पाणी जड असल्यामुळे त्यात तो मुळातच असे. गॉसचे पाहुणे म्हणजे समुद्रफुले, किडे, शेवाळ. थोडक्या चुन्यावर त्यांचे भागत असे. दगड रचणाऱ्या प्रवाळांचा संसार त्यावर चालला नसता.

पुढे शंभर वर्षे प्रवाळांना बंदिस्त पाण्यात वाढविणे बहुतेकांना साधले नाही. १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. जिवंत खडक, ताजे समुद्रजल, हवेचे बुडबुडे व सूर्यप्रकाश एवढ्यावर त्याच्या पेट्यांत प्रवाळ जगत. अर्थात त्याला समुद्र हाताशी होता. ज्यांना तो नव्हता त्यांच्यासाठी त्याच दशकात अमेरिकेतील ओहायो राज्यात ‘इन्स्टंट ओशन’ व जर्मनीत ‘ट्रॉपिक मरीन’ अशी तयार मिश्रणे निघाली, आणि त्यानंतर अशा मिश्रणांचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. आज दुकानात गेलेल्या माणसापुढे दहा-बारा डबे असतात, आणि प्रत्येकावर आपलेच मिश्रण समुद्राच्या सर्वांत जवळचे असल्याची ग्वाही असते.

भारतातील वाचकांनी येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप व अंदमान-निकोबार येथे आपल्या देशातील प्रमुख प्रवाळभित्ती आहेत. महाराष्ट्रात मालवणजवळच्या खडकांवरही प्रवाळ आढळतात. वन्य जीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळांचा समावेश २००१ साली झाला. आपल्या समुद्रातून जिवंत वा मृत प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा आहे. शाळांच्या दृष्टीने याची अडचण नाही. पुढे ज्या तपासण्या सांगितल्या आहेत त्यांतील एकीलाही प्रवाळ लागत नाही.

निवड कशी करावी

बाजारातील मिश्रणे ढोबळ मानाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात सर्व घटक समुद्राच्या प्रमाणात ठेवण्याचा यत्न असतो. त्यांतून तयार झालेल्या पाण्यात दर लिटरला ४०० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम, १२५० ते १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम व सात-आठ अंश अल्कता मिळते. दुसऱ्या प्रकारात कॅल्शियम व अल्कता मुद्दाम वाढविलेली असते. अल्कता अकरा-बारा अंशांपर्यंत नेलेली आढळते. हा दुसरा प्रकार साहजिकच अधिक पौष्टिक वाटतो व बहुधा महागही असतो. परंतु ‘अधिक ते चांगले’ हा न्याय येथे लागू पडत नाही.

समजा पेटीतील अल्कता आठ अंश आहे व नवे पाणी बारा अंशांचे आहे. दहावा हिस्सा पाणी बदलले तर पेटीची अल्कता ८.४ होईल, प्रवाळ ते सहन करतील. तीन दशांश बदलले तर ९.२, आणि निम्मे बदलले तर एकदम १०. अल्कतेतील अशी उडी प्रवाळांना मानवत नाही. ज्या पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट फार कमी असतात, तेथे अल्कता वाढल्यावर प्रवाळांच्या फांद्यांची टोके पांढरी पडून मरतात, असा मत्स्यालये सांभाळणाऱ्यांचा वारंवार आलेला अनुभव आहे. अडचणीच्या वेळी, म्हणजे पेटीत काही बिघाड होऊन पुष्कळ पाणी तातडीने बदलावे लागते तेव्हा, या मिश्रणाचा धोका सर्वांत मोठा असतो.

उलट बाजूने, समृद्ध मिश्रण वापरले म्हणजे चुन्याची चिंता मिटली, हाही भ्रम होय. वरच्याच पेटीत रोज अर्धा अंश अल्कता खपत असेल, तर आठवड्याअखेर आठाची साडेचार झालेली असेल. त्या वेळी बारा अंशांच्या पाण्याने दहावा हिस्सा बदलला तर अल्कता ५.२५ पर्यंतच येते. दर आठवड्याला खोल जाणारा हा खड्डा पाणी बदलून भरून निघत नाही. तेथे कॅल्शियम व बायकार्बोनेट रोज वेगळे पुरवावे लागतात.

यावरून निवडीचे सूत्र निघते. ज्या पेटीत चुन्याचा पुरवठा वेगळा होतो, तेथे पेटीत जी मूल्ये राखावयाची आहेत त्यांच्याशी जुळणारे मिश्रण घ्यावे, म्हणजे कितीही पाणी बदलले तरी प्राण्यांना फरक जाणवणार नाही. ज्या पेटीत दगडी प्रवाळ दोन-चारच आहेत व वेगळा पुरवठा नाही, तेथे किंचित समृद्ध मिश्रण सोयीचे पडते. केवळ मासे असतील तर साधे मिश्रण पुरेसे असते. सत्तर मूलद्रव्यांची यादी छापलेल्या डब्याला त्या यादीपायी अधिक किंमत देऊ नये. हवाईतील मार्लिन अ‍ॅटकिन्सन व क्रेग बिंगमन यांनी १९९० नंतरच्या दशकात अनेक प्रचलित मिश्रणांचे पृथक्करण केले. प्रमुख घटकांत ती समुद्राच्या बरीच जवळ होती, आणि सूक्ष्म धातूंचे प्रमाण समुद्रातील पाण्याहून अधिक होते. रसायने कितीही शुद्ध घेतली तरी त्यांच्याबरोबर हे धातू येतातच. तुटवड्याची भीती दाखवून जे विकले जाते, ते बहुधा आधीच नको तितके असते.

किमतीची तुलना डब्याच्या वजनावरून करू नये. मिश्रणातील मॅग्नेशियम क्लोराइडासारखे क्षार आपल्या स्फटिकांत पाणी धरून असतात, त्यामुळे ३५ ग्रॅम क्षारांचे पाणी करण्यासाठी ३५ ग्रॅम मिश्रण पुरत नाही. बहुधा दर लिटरला ३६ ते ३९ ग्रॅम लागते. कोणत्या मिश्रणाच्या एका डब्यात किती लिटर पाणी होते, यावरच किंमत ठरवावी.

पाणी व मिश्रणाची कृती

मिश्रण कितीही चांगले असले तरी ते ज्या पाण्यात विरघळवावयाचे ते पाणी वाईट असेल तर श्रम फुकट जातात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट, आणि विशेषतः तांबे ही प्रवाळांना घातक आहेत. आर.ओ. यंत्रातून काढून नंतर रेझिनच्या नळीतून नेलेले पाणी वापरण्याची रीत आहे. घरगुती पिण्याच्या पाण्याच्या आर.ओ. यंत्रावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. पाण्याला चव राहावी म्हणून पुष्कळ यंत्रांत थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची सोय केलेली असते. विरघळलेल्या पदार्थांचा मापक पाण्यात बुडवून पाहिला तर हे तात्काळ कळते. आकडा शून्य किंवा शून्याजवळ असला पाहिजे.

नेहमी पाण्यात मिश्रण टाकावे. मिश्रणावर पाणी ओतू नये. हा नियम मामुली वाटला तरी त्यामागे रसायनशास्त्र आहे. भांड्याच्या तळाशी क्षारांचा दाट थर झाला की कॅल्शियम व कार्बोनेट तेथेच एकमेकांना भेटतात, आणि प्रवाळाने जो दगड करावयाचा तो बादलीतच तयार होतो. पाणी दुधी होते, भांड्याला पांढरा थर बसतो. तो थर पुन्हा सहजी विरघळत नाही. म्हणून साध्या तपमानाच्या पाण्यात पंप चालू ठेवून मिश्रण थोडे थोडे टाकावे. काही मिश्रणे तासा-दोन तासांत तयार होतात व फार वेळ ढवळली तर उलट साका धरतात. काहींना रात्रभर हालते ठेवावे लागते. याबाबतीत मात्र डब्यावरील सूचना पाळणे बरे.

तपासणी

तपासणीचा पहिला पाठ लवणतेचा. काचेच्या हायड्रोमीटरने विशिष्ट गुरुत्व मोजता येते; २५ अंश सेल्सिअसला ३५ लवणतेच्या पाण्याचे ते सुमारे १.०२६४ असते. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यातून जाताना प्रकाश किती वळतो ते पाहून लवणता सांगणारे नळीवजा उपकरण, अधिक सोयीचे. पण त्यात एक सापळा आहे. स्वस्त रिफ्रॅक्टोमीटरांपैकी पुष्कळांवरील मोजपट्टी साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असते. त्यावर ३५ दिसले तर खऱ्या समुद्राच्या हिशेबाने ते सुमारे ३३.६ च असते. शुद्ध पाण्याने शून्य जुळविल्यावर ही चूक दुरुस्त होत नाही, कारण चूक शून्यात नसून पट्टीच्या उतारात आहे.

उपाय शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल इतका सोपा आहे. ३६.५ ग्रॅम कोरडे शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवावे. हे पाणी प्रकाश जितका वळविते तितकाच ३५ लवणतेचे समुद्रजल वळविते. त्याचा एक थेंब काचेवर ठेवून उपकरण ३५ वर आणावे. तराजूत एका ग्रॅमची चूक झाली तर लवणतेत जवळजवळ एकाची चूक होते, म्हणून तराजू चांगला हवा. येथे साध्या मिठाचाच उपयोग होतो, हे वाचकांच्या लक्षात येईल. जे मीठ समुद्र होऊ शकत नाही, ते समुद्र मोजण्याचे माप होऊ शकते.

लवणता ठरल्याशिवाय पुढील आकड्यांना अर्थ नाही. दोन मिश्रणांची तुलना करताना सर्वांत अधिक चुका येथेच होतात. एका मिश्रणाच्या पाण्यात ३९६ मिलिग्रॅम कॅल्शियम भरले व दुसऱ्यात ४१५, म्हणून दुसरे सरस असे कोणी म्हणेल. पण पहिले पाणी ३३ लवणतेचे व दुसरे ३५ चे असेल तर? पहिल्याच्या ३९६ ला ३५ ने गुणून ३३ ने भागावे. उत्तर ४२० येते. जे उणे वाटत होते तेच अधिक निघाले. त्याच पाण्याची ८.३ अंश अल्कता ३५ लवणतेला ८.८ होते.

अल्कता अनुमापनाने मोजतात. मोजून घेतलेल्या पाण्यात रंगदर्शक टाकून त्यात आम्लाचे थेंब सोडत जावे. रंग पालटला की थेंब मोजावे. कॅल्शियमसाठी पाणी प्रथम तीव्र अल्कधर्मी करतात, म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडाच्या रूपाने बाजूस पडते, मग ई.डी.टी.ए. या द्रवाचे थेंब सोडले की गुलाबी रंगाचा निळा होतो. मॅग्नेशियम बहुधा दोहोंची बेरीज मोजून वजाबाकीने काढतात, त्यामुळे त्यात दोन्ही मोजण्यांच्या चुका एकत्र येतात. सर्व मूलद्रव्ये एकाच वेळी मोजणाऱ्या आय.सी.पी. यंत्राकडे नमुना पाठविण्याची सोयही आता उपलब्ध आहे. मात्र त्या यंत्रात पाण्याचे थेंब तापलेल्या ज्योतीत अणुरूप होतात, त्यामुळे मूलद्रव्ये कळतात, अल्कता कळत नाही. ती वेगळीच मोजावी लागते.

तपासणीचा संचही तपासावा. २.१ ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवावा. बेकिंग पावडर किंवा धुण्याचा सोडा चालणार नाही. या द्रवाचे १०० मिलिलिटर घेऊन त्यात शुद्ध पाणी घालून एक लिटर करावे. या पाण्याची अल्कता सात जर्मन अंश असते. संचाने साडेआठ दाखविली तर दोष मिश्रणाचा नव्हे, संचाचा. जुन्या वा उन्हात राहिलेल्या संचापायी चांगले मिश्रण टाकून दिले गेल्याची, आणि त्याहून वाईट म्हणजे पेटीतील चांगले पाणी ‘सुधारले’ गेल्याची, उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

यानंतर पोत्याची पाळी येते. मिश्रणात जाड व बारीक, जड व हलके असे निरनिराळे कण असतात. प्रवासात हादरे बसून बारीक कण खाली जातात, आणि पोत्याच्या वरच्या थरातून घेतलेले मिश्रण तळच्या मिश्रणाहून वेगळे निघू शकते. वरून, मधून व तळातून सारख्याच वजनाचे तीन नमुने घेऊन प्रत्येकी एक लिटर पाण्यात विरघळवावे, आणि तिन्हींची लवणता व अल्कता मोजावी. शाळेतील विद्यार्थ्यांसाठी हा प्रयोग विशेष बोधप्रद आहे, कारण त्याचे उत्तर पुस्तकात दिलेले नसते. फरक आढळल्यास बंद डबा वापरापूर्वी चांगला गडगडवावा, किंवा पिशवी लहान घेऊन ती एकाच वेळी संपूर्ण विरघळवावी.

ओलावा हा मिश्रणाचा दुसरा शत्रू होय. मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची क्लोराइडे हवेतील पाणी ओढतात. कोकणातील वा चेन्नईच्या दमट हवेत उघडी राहिलेली पिशवी थोड्याच दिवसांत घट्ट गोळा होते. त्या ओल्या गोळ्याच्या आत कॅल्शियम व कार्बोनेट यांचा संयोग होऊन चुना धरू लागतो. असे मिश्रण विरघळविल्यावर लवणता योग्य भरते, अल्कता मात्र एक-दोन अंशांनी कमी येते, आणि तळाशी पांढरा गाळ राहतो. हा गाळ गाळणकागदावर घेऊन त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावे. बुडबुडे आले तर तो चुना. बुडबुडे न येणारा तपकिरी गाळ बहुधा कच्च्या मालाबरोबर आलेली माती असते. तिचे प्रमाण अल्प असल्यास बिघडत नाही.

एकच मिश्रण वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांनीही दर नव्या पोत्याची लवणता, अल्कता, कॅल्शियम व मॅग्नेशियम मोजून वहीत उतरवून ठेवावे, आणि त्याबरोबर पोत्यावरील उत्पादन-क्रमांक व दर लिटरला लागलेले मिश्रणाचे वजन लिहावे. कारखान्यातील प्रत्येक घाणा सारखा निघत नाही. जुने पोते संपण्यापूर्वी त्याच्या पाण्याची एक बाटली काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून राखून ठेवावी, आणि नव्या पोत्याचे पाणी तयार झाले की दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच संचाने, एकाच माणसाने तपासावेत.